फायनान्सची पदवी आणि आपल्या उसाचे बिल



एक काळ असा होता की ऊस उत्पादकाच्या घरातला मुलगा शिकला तर बी.एस्सी. ॲग्री व्हायचा, फार तर वकील नाहीतर डॉक्टर. पुढे साखर कारखान्यांच्या आसऱ्याने गावोगावी डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची कॉलेजे निघाली आणि घरटी एक इंजिनिअर दिसू लागला. हल्ली मात्र गट ऑफिसला उसाच्या नोंदीसाठी आलेला सभासद कामाचे बोलून झाले की हळूच विचारतो, "पोरगी बी.कॉम. झाली. मुंबईला जाऊन फायनान्सचं मास्टर करते म्हणते. हे काय असतं हो? खर्च किती? आणि शिकून करायचं काय?"

प्रश्न तीनच, पण तिन्ही रास्त. त्यांची उत्तरे आमच्या परीने या लेखात दिली आहेत. आम्ही त्यात चौथा प्रश्न जोडतो. या शिक्षणाचा आपल्या उसाच्या बिलाशी काही संबंध आहे का? आमचे म्हणणे असे की आहे, आणि तो फार जवळचा आहे.

हे शिक्षण म्हणजे काय?

जमाखर्च लिहिणारा माणूस काल काय घडले ते सांगतो. किती आले, किती गेले, शिल्लक काय. फायनान्स शिकलेल्या माणसाला उद्याचे विचारायचे असते. पैसा कुठून आणायचा, कोणत्या व्याजाने आणायचा, कशात घालायचा, तो परत कधी येणार, आणि नाही आला तर काय? पदवीनंतरच्या दोन वर्षांत हेच शिकवतात. खेळते भांडवल, भांडवली खर्चाचा निर्णय, जोखीम, बँकांचे कामकाज, शेअर आणि रोख्यांचा बाजार, कर. वर्गात या सगळ्यांची नावे इंग्रजी असतात म्हणून ती परकी वाटतात. पण आत मांडलेला हिशेब आपल्या ओळखीचा आहे. दोन उदाहरणे घेऊ.

पोत्यामागचे व्याज

ऊस गाळपाला आला की १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे, असा नियम ऊस नियंत्रण आदेशात आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. उसाचे पैसे असे पंधरवड्यात द्यायचे. साखर मात्र पंधरवड्यात विकता येत नाही. गाळप चार-पाच महिन्यांत उरकते, विक्री वर्षभर चालते. त्यात २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याचा महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. मग मधल्या काळासाठी पैसा येतो कुठून? गोदामातली साखर बँकेकडे गहाण टाकून. हेच मालतारण कर्ज.

आता हिशेबापुरते आकडे धरू. एका क्विंटल साखरेवर बँकेने ३,००० रुपये दिले आणि व्याज वर्षाला १० टक्के. म्हणजे क्विंटलमागे महिन्याला २५ रुपये व्याज. ती साखर सहा महिन्यांनी विकली गेली तर १५० रुपये. उतारा १० टक्के धरला तर एक टन उसापासून एक क्विंटल साखर होते. म्हणजे टनामागे १५० रुपये नुसते थांबण्यापायी गेले. ज्या सभासदाचा १०० टन ऊस गेला, त्याच्या वाट्याचे १५,००० रुपये झाले. काट्यावर वजन कमी भरले की आपण लगेच बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण हे १५,००० रुपये काट्यावर दिसत नाहीत. ते दिसतात ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकात, व्याजाच्या ओळीत.

ही साखर लवकर विकावी की दर चढेपर्यंत ठेवावी? दर महिन्याला २५ रुपयांनी वाढण्याची आशा असेल तरच ठेवण्यात अर्थ आहे, नाहीतर ठेवणे म्हणजे घरातले घालवणे. वर्गात याला खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी एक अख्खा विषय असतो.

उशिरा आलेला रुपया

दुसरे उदाहरण प्रकल्पाचे. डिस्टिलरी असो, सहवीजनिर्मिती असो, वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव येतो तेव्हा आपण विचारतो, "किती लावायचे आणि किती मिळायचे?" समजा आज १०० रुपये घातले आणि पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी ३० रुपये आले. बेरीज १५०. वाटते, दीडपट झाले. पण पैसा १२ टक्क्यांनी आणलेला असेल तर पाचव्या वर्षीचे ३० रुपये आजच्या फक्त १७ रुपयांच्या बरोबरीचे. असे पाचही वर्षांचे आजच्या किमतीत आणून जोडले तर बेरीज भरते १०८. म्हणजे फायदा आहे, पण ५० चा नाही, आठाचा.

आता गंमत पुढेच आहे. तोच प्रकल्प, तेच ३० रुपये, पण मशिनरी यायला उशीर, परवान्याला उशीर, असे करत सगळे दोन वर्षे लांबले. मग तीच बेरीज ८६ वर येते. १०० घालून ८६. कुणी पैसा खाल्ला नाही, कुणी चोरी केली नाही, फक्त उशीर झाला. सहकारात पुष्कळ प्रकल्प असेच आजारी पडले. भ्रष्टाचाराची चर्चा पारावर होते, पण उशिराची किंमत कुणी मोजत नाही, कारण ती मोजायची कशी हे फार थोड्यांना येते.

जोखमीचेही तसेच. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आणले. काही दिवसांनी त्यात ढील दिली आणि पुढच्या वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठवले. पण ज्यांनी कर्ज काढून टाक्या उभ्या केल्या होत्या त्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. सरकारचे धोरण फिरले तर आपला हप्ता निघेल का, हा प्रश्न कर्ज काढण्याआधी विचारायचा असतो. तो कागदावर मांडून कसा विचारायचा, ते या शिक्षणात येते.

एक बांधावरचा, एक केंब्रिजचा

ही गोष्ट आपल्या सहकाराला नवी नाही. प्रवरेच्या काठी लोणीला १९५० च्या अखेरीस सहकारी कारखान्याचे चाक फिरले, त्यामागे दोन माणसे होती. विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी. शाळेत फार शिकलेले नव्हते, पण शेतकऱ्यांचा विश्वास त्यांच्या पदरी होता. दुसरे धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकलेले आणि १९३० मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा पाया घालणारे. एकाने गावोगाव हिंडून भागभांडवल उभे केले, दुसऱ्याने त्या भांडवलाला हिशेबाचा आणि नियमांचा कणा दिला. पुढे गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. ज्यांच्याकडे राष्ट्राच्या नियोजनाचे काम आले, त्यांनी आधी उसाच्या कारखान्याचा ताळेबंद पाहिला होता.

आज कारखाने पुष्कळ आहेत. विखे पाटलांच्या जातीची राबणारी माणसेही गावोगाव आहेत. उणीव आहे ती गाडगीळांच्या बाजूची. ती बाहेरून कुणी आणून देणार नाही, आपल्या घरातूनच तयार व्हावी लागेल.

कुठे शिकतात?

आता मुंबईकडे वळू. शेअर बाजार आणि जुन्या बँका फोर्टात असल्या तरी पैशाचा कारभार गेल्या तीस वर्षांत उत्तरेकडे सरकला. नाबार्ड, सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांची मुख्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. आणि ते शिकवणाऱ्या नामांकित संस्था उपनगरांत विखुरल्या आहेत. अंधेरीला भारतीय विद्या भवनच्या आवारात एस. पी. जैन संस्था आहे. शेजारच्या विलेपार्ल्याला नरसी मोनजी. या दोन्हींची आणि विद्याविहारच्या सोमय्या व्यवस्थापन संस्थेची स्थापना १९८१ ची. पवईला आयआयटीच्या आवारात १९९५ पासून व्यवस्थापनाची शाळा आहे. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तिथे अर्थशास्त्राचे वरचे शिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठाचे मोठे आवार सांताक्रूझजवळ कलिन्याला, तर त्याची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला. बोरीवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतल्या महाविद्यालयांतही एम.कॉम. किंवा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी करता येते.

यातल्या विद्याविहारची एक हकिगत आपल्या सभासदांना मुद्दाम सांगावीशी वाटते. कुर्ला आणि घाटकोपरच्या मधल्या या स्टेशनाला नाव मिळाले तेच मुळी सोमय्यांच्या शिक्षणसंकुलामुळे. करमशीभाई सोमय्या हे साखर कारखानदार. जन्म १९०२ चा, नगर जिल्ह्यातला. कोपरगाव तालुक्यातली साकरवाडी ही त्यांच्या गोदावरी शुगर मिल्सची. ते खासगी कारखानदार होते, सहकारी नव्हते, हे खरे. पण गोदावरीच्या कालव्यावर पिकलेल्या उसाचा पैसा घाटकोपरच्या शेजारी शाळा-कॉलेजांच्या रूपाने उभा राहिला, हेही तितकेच खरे. उसाचा पैसा एकदा शिक्षणात मुरला की तो किती पिढ्यांना पुरतो, त्याचा हा नमुना. तिथल्या बाकावर आपल्या पोरांनी बिचकत बसण्याचे कारण नाही.

पदवी कोणती, प्रवेश कसा?

नावांचा घोळ इथेच होतो, तेव्हा नीट ध्यानात घ्यावे. एम.बी.ए. फायनान्स ही दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी. पी.जी.डी.एम. हा दोन वर्षांचा डिप्लोमा. चांगल्या संस्थेचा असेल तर कंपन्या त्याला एम.बी.ए.च्या तोडीचा मानतात, पण तो विद्यापीठाची पदवी नव्हे. एम.एस्सी. फायनान्समध्ये गणित जास्त. एम.कॉम. सर्वांत स्वस्त, दूरस्थ पद्धतीनेही होते. नोकरी करता करता शिकायचे असेल तर मुंबई विद्यापीठाची एम.एफ.एम. ही तीन वर्षांची अर्धवेळ पदवी आहे.

राज्यातल्या बहुतेक एम.बी.ए. महाविद्यालयांना राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा लागते. आयआयटी आणि एस. पी. जैन यांच्यासाठी कॅट, नरसी मोनजीसाठी एनमॅट. या परीक्षांत पाठांतर चालत नाही. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, तर्क आणि इंग्रजी वाचन हे घड्याळ लावून सोडवावे लागते. त्याची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच सुरू व्हावी.

एजंटांपासून मात्र सावध राहा. "परीक्षा नको, डोनेशन द्या, सीट पक्की" असे म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे तीन कागद मागा. संस्थेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का? पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठाला अनुदान आयोगाची मान्यता आहे का? गेल्या वर्षी किती मुलांना, कोणत्या कामावर, किती पगाराने नोकऱ्या लागल्या? तिसऱ्या कागदात सरासरी पगार दाखवतात, पण दोन-चार जणांच्या मोठ्या पगाराने सरासरी फुगते. म्हणून मधल्या मुलाचा पगार विचारा. वर्ग पगाराप्रमाणे रांगेत उभा केला तर बरोबर मध्ये जो येईल, त्याचा.

पैशाचे गणित

नावाजलेल्या खासगी संस्थांची दोन वर्षांची फी आज २० लाखांच्या वर आहे. हे आपल्या मापाने मोजू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हाती आले असे धरले, तर २० लाख म्हणजे सुमारे ६६७ टन ऊस. एकरी ४० टनांनी जवळपास सतरा एकरांचे पूर्ण पीक, आणि त्यात खत, पाणी, मजुरी धरलेलीच नाही. तीन एकरवाल्या सभासदाने हा आकडा दोनदा वाचावा.

म्हणून पहिली नजर सरकारी प्रवेशफेरीवर ठेवावी. तिला मुले कॅप राउंड म्हणतात. या फेरीतून प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर पात्र विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले. मात्र ही माफी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना, तसेच व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला लागू नाही. मुलीचे नाव कोणत्या संस्थेत घालायचे ते ठरवण्याआधी ही ओळ वाचावी, नंतर नव्हे.

कर्ज काढायचे तर शैक्षणिक कर्जच काढावे; जमीन विकू नये आणि सावकाराच्या दारी जाऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जाच्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सवलत ठेवली आहे. तरी कर्ज ते कर्जच. १० लाख रुपये १० टक्क्यांनी काढले आणि शिकण्याच्या दोन वर्षांत व्याज भरले नाही, तर साध्या व्याजानेही ते १२ लाख होतात. मग पुढे दहा वर्षे महिन्याला सुमारे १५,८०० रुपये हप्ता. हा हिशेब पोरांकडूनच करून घ्यावा. जे पोर हा हिशेब मांडायला कंटाळते, त्याने फायनान्स शिकायला जावे की नाही, याचाही विचार त्यातच होईल.

राहणे आणि निभावणे

कॉलेज पश्चिम उपनगरात असो की पूर्व, खोली कुठे घ्यायची हे लोकलच्या फाट्यावर ठरते. बोरीवली-अंधेरी पश्चिम रेल्वेवर, मुलुंड-घाटकोपर मध्य रेल्वेवर. पूर्वी एका बाजूहून दुसरीकडे जायला दादरचा वळसा पडे किंवा बसमध्ये ताटकळावे लागे. २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो झाल्याने घाटकोपरला राहून अंधेरीला शिकणे सोपे झाले. चार पोरांनी मिळून एक खोली, डबा लावलेला, असेच बहुतेकांचे चालते.

आपल्या भागातून तिकडे गेलेल्या मुलांशी बोललो तेव्हा त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी पुन:पुन्हा आल्या. पहिली इंग्रजीची. विषय कळतो, पण उभे राहून बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडतो. ते पहिले सहा महिने जातात, मग जमते. दुसरी कॉम्प्युटरवर ताळेबंद मांडण्याची. ते घरूनच शिकून यावे, तिथे कुणी थांबत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी हसत सांगितली. शहरातल्या मुलांना कर्ज, व्याज, पीक आणि पाऊस हे पुस्तकात भेटते. आपल्या पोरांनी सोसायटीचे कर्ज, जून अखेरची भरणी आणि नवे-जुने लहानपणापासून घरात पाहिलेले असते. शिक्षकांनी जोखीम शब्द काढला की त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

शिकून पुढे काय?

बहुतेक मुले बँकांत, विमा कंपन्यांत, म्युच्युअल फंडांत, सल्लागार कंपन्यांत लागतात. त्यात वाईट काही नाही. घरी चार पैसे आले पाहिजेत, हप्ता फिटला पाहिजे. "शिकला तो गावाला विसरला" असे म्हणून त्यांना बोल लावणे आम्हाला पसंत नाही. परत यावे असे काय ठेवले आहे आपण त्यांच्यासाठी, हेही विचारले पाहिजे. चीफ अकाउंटंटच्या जागेसाठी शिक्षण बघायचे की नाते, हे संचालक मंडळानेच ठरवायचे असते आणि सभासदांनी ते विचारायचे असते.

या ज्ञानाची किंमत किती असते त्याचा एक दाखला देतो. कारखान्यांनी सभासदांना दिलेला जादा ऊसदर हा खर्च की नफ्याची वाटणी, यावरून आयकर खाते आणि सहकारी कारखाने यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ या कर आकारणी वर्षाआधीची अशी रक्कम खर्च म्हणून दाखवायला वाव दिला आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे सांगितले गेले. एका शब्दाचा अर्थ, खर्च की नफा, आणि त्यावर एवढी रक्कम अडकलेली. असे शब्द वाचणारी माणसे आपल्या बाजूला हवीत.

परत न येताही पुष्कळ करता येते. वार्षिक अहवाल सभेच्या आधी प्रत्येक सभासदाच्या घरी येतो. बहुतेक घरांत तो चेअरमनचा फोटो पाहून कोनाड्यात जातो. मुंबईत फायनान्स शिकणारे पोर सुट्टीला घरी आले की तो अहवाल त्याच्या हातात द्या. व्याजावर किती गेले, मागच्या वर्षी किती होते, साखरेचा साठा सरासरी किती महिने पडून राहिला, नव्या प्रकल्पाचा हप्ता कशातून निघणार, आणि टनामागे आपल्याला किती कमी मिळाले, हे पाच प्रश्न त्याच्याकडून समजून घ्या आणि सभेत उभे राहून विचारा. कारखाना आपला आहे म्हणजे त्याचा हिशेबही आपला आहे. प्रश्न विचारणारा सभासद हा कारखान्याचा वैरी नव्हे.

ज्या सभासदांची मुले-मुली असे शिक्षण घेत आहेत किंवा घेऊ इच्छितात त्यांनी आपल्या गट ऑफिसला नावे कळवावीत, म्हणजे आधी गेलेल्यांची गाठ नव्याने जाणाऱ्यांशी घालून देता येईल. मुंबईत एकट्या पडलेल्या पोराला ओळखीच्या गावच्या एका माणसाचा आधार फार मोठा वाटतो.